जर्मन ड्राय रेड वाइन : या चुका टाळा

जर्मनी म्हटलं की रीसलिंग, म्हणजे पांढरी वाइन. त्यामुळे इथली लाल बाटली आपण आणतो ती अंदाजानेच. स्टुटगार्टला आल्यावर मीही तेच केलं.

सुपरमार्केटमधून डॉर्नफेल्डर उचलली. रंग जांभळाएवढा गडद, तेव्हा ड्राय, म्हणजे बिनगोडच असणार म्हणून पाहुण्यांसमोर ओतली, आणि निघाली सरबत! लेबलवर ‘लीबलिश’, म्हणजे गोडसर, असं स्पष्ट छापलेलं होतं. डॉर्नफेल्डर हा 1955 मध्ये वाइन्सबर्गला संकरातून तयार झालेला द्राक्षाचा वाण. गडद रंग ही त्याची जातच, गोडीशी त्याचा संबंध नाही. आपल्याला हवा तो शब्द ‘ट्रॉकन’: लिटरला साखर 4 ग्रॅमपर्यंत, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर 9 पर्यंत. ‘हाल्बट्रॉकन’ म्हणजे अर्धवट ड्राय, पण म्हणून ती घेऊ नका, गोडी लागतेच.

दुसरी चूक, ‘रेड वाइन गार करायची नसते’. श्पेटबुर्गुंडर (फ्रेंच लोकांची पिनो न्वार) 14 ते 16 अंशांना खुलते. हीटर लावलेल्या खोलीत ती कोमट होते आणि नाकात आधी अल्कोहोल शिरतं. बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. जास्त गार होऊन कडवट लागली, तर ग्लास थोडा वेळ तळव्यांत धरा.

खरा घोटाळा ताटात होतो. श्पेटबुर्गुंडर अंगाने हलकी, तुरटपणा कमी, आंबटपणा बऱ्यापैकी. तिला भाजलेलं बदक, हरणाचं मांस, लोण्यावर परतलेले मशरूम मानवतात. 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला इथे हंस भाजतात आणि सोबत सफरचंद घालून शिजवलेला लाल कोबी असतो. कोबीत साखर जास्त पडली की चांगली वाइनही पाणचट, आंबट लागते. दोष बाटलीला देऊ नका, कोबीत चमचाभर व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ घाला. मिठाने वाइनचा आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही मवाळ होतात.

कुरकुरीत तळलेल्या कांद्याचं बीफ, म्हणजे श्वाबेन भागातलं त्स्वीबेलरोस्टब्राटेन, समोर असेल तर श्पेटबुर्गुंडर दबते. तिथे लेम्बरगर ही जास्त दमदार लाल वाइन घ्या. ट्रोलिंगर ही फिकट लाल वाइन माउलटाशेनबरोबर, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याबरोबर. (दारावर झाडू टांगलेल्या शेतकऱ्याच्या ‘बेझन’मध्ये, म्हणजे घरगुती वाइनघरात, ती कानाच्या ग्लासात पाव लिटर मिळते. तिथे वास घेत बसू नका, प्या.)

आणि तांबडा रस्सा? मित्रमंडळींचा आग्रह असतो, पण तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, शिवाय वाइनचा तुरटपणाही वाढतो. मटण खायचंच तर सुकं करा, भाजलेला कांदा-खोबरं घाला, मिरची निम्म्यावर आणा. बरोबर लेम्बरगर चालते. रश्श्याबरोबर मी बिअरच घेतो.

बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बूच बिघडलंय. कितीही हवा दिली तरी तो जात नाही, दुकानात परत करा. चांगली वाइन उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर ती साउअरब्राटेनच्या, म्हणजे आंबट मुरवून शिजवलेल्या मांसाच्या, मॅरिनेडमध्ये जाऊ द्या.