कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं: या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेला माझी शिकवणी आहे. नर्सिंग, फार्मसी, बी.एस्सी. अशी सगळीकडची पोरं येतात. "यकृतात कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार होतात" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. कोलेस्टेरॉलच्या रेणूत नेमकं काय बदललं आणि शरीरानं हा खटाटोप का केला, एवढं विचारलं की वर्ग गप्प होतो. वीस वर्षं त्याच त्या चुका तपासतेय, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी 'पित्त' हा शब्द नीट सोडवून घ्या. छातीत जळजळलं की आपण म्हणतो पित्त झालं. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं. आयुर्वेदातलं पित्त आणखी वेगळं. पहिल्यात दोष जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा असतो, दुसऱ्यात ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनाचा. आपला विषय आहे यकृतातून झिरपणारा हिरवट-पिवळा, कडू पित्तरस, आणि त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. तरी दर परीक्षेत कुणीतरी लिहितंच, "पित्ताम्लांमुळे ॲसिडिटी होते." नावात आम्ल असलं तरी यकृतातून निघणारा पित्तरस किंचित अल्कधर्मी असतो आणि ही आम्लं त्यात क्षारांच्या रूपात असतात.

ही चूक फक्त पेपरात राहत नाही, म्हणून मी तिच्यावर एवढी अडून बसते. एका विद्यार्थिनीची आत्या तासगावला असते. पोरगी सहज म्हणाली, "मॅडम, आत्याला तीन आठवडे झाले पित्त झालंय. गोळ्या चालू आहेत, पण आता अंगाला खाज सुटलीय." खाज म्हटल्यावर मी शौचाचा रंग विचारला. ती लाजली, पण घरी फोन लावला. पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी. लघवी? कोऱ्या चहासारखी. मी तास तिथंच थांबवला आणि आजच्या आज मिरजेला घेऊन जा म्हणाले. पित्तनलिकेत खडा अडकला होता. पित्त आतड्यात उतरतच नव्हतं, आणि घरचे तीन आठवडे 'पित्त कमी करायच्या' गोळ्या देत होते.

याच प्रसंगात दुसरी चूकही सापडते. शाडूसारखा रंग कशामुळे आला, असं मी वर्गाला विचारलं तर निम्मी पोरं म्हणाली, पित्ताम्लं पोचली नाहीत म्हणून. चूक. रंग बिलिरुबिनचा. ते जुन्या तांबड्या पेशींतल्या हीमपासून येतं, कोलेस्टेरॉलशी त्याचं नातं नाही. पित्ताम्लं न पोचल्यानं बिघडतं ते स्निग्ध पदार्थांचं पचन. एकाच रसात दोन वेगळ्या घरची मंडळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

आता प्रयोगशाळेतली गोष्ट. पित्तक्षार, म्हणजे क्षाररूपातली पित्ताम्लं, ओळखायची 'हे' (Hay) यांच्या नावाची चाचणी सगळ्यांना अभ्यासाला असते: द्रवावर कोरडी गंधकाची पूड भुरभुरायची, पित्तक्षार असतील तर पूड बुडते, नसतील तर तरंगते. एका वर्षी मी एका कॉलेजात प्रात्यक्षिकाला होते. पहिल्या बाकावरून आवाज आला, "पॉझिटिव्ह!" मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दहा मिनिटांत सगळ्यांच्या वह्यांत 'पित्तक्षार आहेत' लिहून झालं. मी एका नळीत नुसतं नळाचं पाणी घेऊन पूड टाकायला लावली. पिवळी पूड क्षणभर वर थांबली आणि धुक्यासारखी खाली उतरत गेली. साध्या पाण्यात! आदल्या दिवशी नळ्या भांड्यांच्या साबणानं धुतल्या होत्या आणि खळखळून विसळल्याच नव्हत्या.

साबण काय करतो? पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. पित्तक्षारही तेच करतात. त्या दिवशी बॅचला जेवढं कळलं तेवढं महिनाभराच्या नोट्समधून कळलं नसतं. शरीर कोलेस्टेरॉलपासून साबणासारखं काम करणारा रेणू बनवतं, म्हणजे जेवणातलं तेल-तूप बारीक थेंबांत फुटतं आणि पचतं. माझी सवय सांगते: नळी ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा विसळायची, शेजारी साध्या पाण्याची नळी ठेवायची आणि पूड टाकल्यावर नळी हलवायची नाही. पाण्याची नळी लावायला कंटाळा करणाऱ्याचा निकाल मी वाचतच नाही.

माझा सगळ्यात मोठा राग मात्र बाणांवर आहे. कोलेस्टेरॉल, बाण, बाण, बाण, कोलिक आम्ल (यकृत बनवतं त्यातलं एक पित्ताम्ल). ट्रिक सांगणारे व्हिडिओ बघून पोरं एन्झाइमांची नावं गाण्यासारखी म्हणतात आणि कागदावर रेणू काढा म्हटलं की ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, पाण्याकडे ओढणारी) वाटेल तिथं चिकटवतात. मी रात्री हरभरे भिजत घालायला सांगते. सकाळी सत्तावीस हरभरे आणि टूथपिकच्या काड्या घेऊन कोलेस्टेरॉल जोडायचं, एक हरभरा म्हणजे एक कार्बन. चार कड्यांत 17 कार्बन, वरच्या बाजूला दोन मेथिल (एकेका कार्बनाचे गट), आणि आठ कार्बनांची शेपटी. तिसऱ्या कार्बनवर एक हिरवा वाटाणा, तो ओएच, तोही वरच्या बाजूला. पाचव्या-सहाव्यात दुहेरी बंध.

मग यकृत जे करतं ते हातानं करायचं. सातव्या कार्बनला खालून वाटाणा टोचा. ही पहिली आणि वेग ठरवणारी पायरी, एन्झाइम सीवायपी सेव्हन ए वन. तिसऱ्यावरचा वरचा वाटाणा काढून खाली लावा. शरीर आधी तिथं कीटोन (कार्बनला दुहेरी बंधानं ऑक्सिजन) करतं आणि मग दुसऱ्या दिशेनं ओएच आणतं. दुहेरी बंध घालवा आणि पहिली दोन कडी अशी जोडा की सपाट रेणू कोपरात वाकल्यासारखा दिसेल. बाराव्यावर खालून वाटाणा लावला तर कोलिक आम्लाकडे, नाही लावला तर चिनोडीऑक्सिकोलिक आम्लाकडे. शेवटी शेपटीतले तीन हरभरे काढा आणि टोकाला कार्बोक्झिल, म्हणजे आम्लाचा गट. हातात 24 राहिले.

आता तो सांगाडा आडवा धरून बघा. सगळे वाटाणे खाली, दोन्ही मेथिल वर. एक बाजू पाण्याची, दुसरी तेलाची. हे एकदा दिसलं की 3, 7, 12 पाठ करावं लागत नाही. घाई असणाऱ्यांना मी जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख वीलँड यांचं उदाहरण देते. पित्ताम्लांच्या संशोधनाला 1927 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी त्यांनी मांडलेली कड्यांची रचना 1932 मध्ये दुरुस्त करावी लागली. तुम्हाला एक सकाळ लागली तर काय बिघडलं? कोलेस्टेरॉलपासूनच कोलिक आम्ल होतं, हे तर 1943 साली जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी ड्यूटेरियमची (जड हायड्रोजनची) खूण केलेलं कोलेस्टेरॉल कुत्र्याला देऊन दाखवलं.

बाकीच्या चुका भराभर सांगते. एचएमजी-सीओए रिडक्टेज हे एन्झाइम कोलेस्टेरॉल *बनवताना* वेग ठरवतं, पित्ताम्लांच्या वेळी नाही. "सगळं पेशीद्रवात घडतं" लिहू नका. रेणू पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिका, पेशीद्रव, तंतुकणिका अशा भागांतून फिरतो आणि शेपटीतले तीन कार्बन पेरॉक्सिझोम या भागात सुटतात. शेपटीच्या टोकाला ग्लायसिन किंवा टॉरिन हे छोटे रेणू जोडायची पायरी विसरू नका, त्यानं रेणू आतड्यात विद्युतभारित राहतो आणि नीट विरघळतो. डीऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक ही दुय्यम आम्लं यकृत बनवत नाही. यकृतानं सगळ्यात आधी लावलेला सातव्यावरचा ओएच आतड्यातले जिवाणू काढतात, तेव्हा ती होतात. आणि कोलेस्टेरॉल जास्त खाल्लं की पित्ताम्लं आपोआप जास्त, हे उंदरांत दिसतं, माणसाला तसंच लावू नका.

हिशेबाची चूक मात्र थोडी समजून घ्या. रोज एवढं पित्त लागतं म्हणजे यकृत रोज तेवढी पित्ताम्लं नव्यानं बनवतं, असं पोरं धरून चालतात. सांगली-मिरज शहर बस डोळ्यापुढं आणा. प्रत्येक फेरीला कुणी नवी गाडी विकत घेत नाही, त्याच गाड्या दिवसभर ये-जा करतात. शरीरातला पित्ताम्लांचा साठा दोन ते चार ग्रॅम. तोच दिवसातून अनेकदा आतड्यात उतरतो, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे 95 टक्के परत शोषला जातो आणि यकृतात पोचतो. शौचावाटे जातं ते जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि तेवढंच यकृत भरून काढतं. परत येणारी पित्ताम्लं आतड्याकडून एफजीएफ 19 नावाचा संप्रेरकाचा निरोप धाडतात, मग सीवायपी सेव्हन ए वन आवरतं घेतं. कोलेस्टेरॉल उतरवायचं औषध कोलेस्टिरामिन पित्ताम्लांना आतड्यातच धरून ठेवतं. गाड्या परत येत नाहीत, यकृताला नव्या कराव्या लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. ही साखळी पेपरात सलग लिहिता आली तर धडा कळला असं मी धरते.

राहिलं पित्ताशय. तासगावच्या आत्यांचा नलिकेतला खडा काढला, नंतर पित्ताशयही काढलं. घरी आल्यावर त्यांनी भाचीला विचारलं, "पिशवीच काढली, आता पित्त कुठनं यायचं गं?" पोरीनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मॅडम, मी म्हटलं, आत्या, पिशवीत नुसतं साठायचं आणि घट्ट व्हायचं. बनतं यकृतातच, आता थेंब थेंब सरळ आतड्यात येईल." मग तिनं आत्यांच्या स्वयंपाकघरात हरभरे भिजत घातले.