भातखाचराचा चर काढताना या चुका टाळा

पहिल्या जोरदार सरीत चराच्या तोंडाशी काचेची बाटली भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी बसलेला तांबडा थर म्हणजे आपल्याच खाचरातली माती, आणि तिला चिकटलेलं स्फुरद. वरच्या निवळ पाण्यात विरघळलेलं नत्र मात्र दिसत नाही. माती खाली बसायची आणि गवताच्या मुळांनी नत्र ओढायचं, तर चरातलं पाणी रेंगाळलं पाहिजे.

सगळ्यात महागात पडतो तो थेट उताराने व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडलेला चर. जांभ्याच्या मातीत तो तळ खरवडत जातो. चर उताराला आडवा घ्या. 10 मीटरला 3 ते 5 सेंटीमीटर उतार पुरे. नजरेवर विसंबू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्या. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं. काठ उभे कापू नका: जेवढी खोली, निदान तेवढेच ते बाहेर कलते हवेत.

जागेअभावी उतारानेच न्यावा लागला तर दगडी अडसर घाला. 100 मीटरला 2 मीटर उतार असेल आणि अडसर मध्यभागी 30 सेंटीमीटर उंच असेल, तर दर 15 मीटरला एक. खालच्याचा माथा वरच्याच्या पायथ्याशी समपातळीत येतो. इथेच बहुतेक जण चुकतात आणि माथा सपाट रचतात. पाणी कडेने वळतं, काठ पोखरतं आणि दगड नुसते मध्ये उभे राहतात. कडा मध्यापेक्षा 15 सेंटीमीटर उंच ठेवा, टोकं काठात अर्धा मीटर घुसवा, पाणी पडतं तिथे दगड पसरा.

मे महिन्यात जेसीबीने अख्खा चर खरवडून काढला की पहिल्या पावसाला उघडी मातीच मिळते. एका वर्षी एकच बाजू साफ करा. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, खाचरात पसरा. त्यात आपलंच खत आहे. काठावर दोन रोपांत 15 सेंटीमीटर ठेवून वाळ्याची ओळ लावा. व्हाळाआधी गाळखड्डा घ्या आणि तो अर्धा भरला की उपसा.

पाऊस तोंडावर असताना फोकलेला, म्हणजे वरून हाताने फेकलेला युरिया मात्र कुठलाच चर वाचवू शकत नाही. त्यापेक्षा युरिया-डीएपीच्या 2.7 ग्रॅमच्या गोळ्या वापरा: चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये एक, 7 ते 10 सेंटीमीटर खोल. चारसूत्री या भातलावणीच्या सुधारित पद्धतीत गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे सुमारे 1.7 किलो लागतात. गोळी वरच राहिली तर ती फोकलेल्या खतासारखीच वाहून जाते, म्हणून ती चिखलात बोटाने नीट दाबा.