झाडाची कुंडी बदलताना या चुका टाळा

कुंडी बदलल्यावर झाड सुकायला लागलं की आपण आधी खताकडे आणि उन्हाकडे बघतो. बिघाड मात्र बहुतेक वेळा मातीच्या आत असतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि खालच्या बहुतेक चुकांमुळे या दोन्हींचा तोल जातो.

गरज नसताना कुंडी बदलणं

तळाच्या छिद्रातून एखादं मूळ डोकावलं म्हणजे कुंडी अपुरी पडली असं नाही. झाड हलकेच बाहेर काढून मातीचा गोळा बघा. मुळांच्या वेटोळ्यांनी माती झाकून गेली असेल, घातलेलं पाणी लगेच तळातून वाहून जात असेल किंवा पाणी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी पानं माना टाकत असतील, तर कुंडी बदला. स्नेक प्लांट आणि पीस लिली थोड्या दाटीतही आनंदात राहतात, त्यांची घाई नको. झाडाला नवी पानं फुटत असतात तो काळ या कामाला चांगला, कारण दुखावलेली मुळं तेव्हा लवकर भरून येतात. कळ्या धरल्या असतील तर बहर संपेपर्यंत थांबा.

‘पुन्हा पुन्हा नको’ म्हणून एकदम मोठी कुंडी घेणं

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं. कुंडीचा व्यास १५ सेंमीवरून १८ सेंमी झाला, तर त्याच आकाराच्या कुंडीत माती साधारण पावणेदोन पट मावते. २५ सेंमी घेतली तर साडेचार पटींहून जास्त. मुळं मात्र तेवढीच असतात आणि पाणीही तेवढंच ओढतात. बाकीची माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात आणि मग कुजतात. म्हणून नवी कुंडी आधीपेक्षा ३ ते ५ सेंमी रुंद, एवढंच पुरे. मोठी कुंडी आधीच वापरली असेल तर झाड सरळ लहान कुंडीत परत हलवा. पाणी कमी देऊन वेळ मारून नेणं क्वचितच जमतं.

झाड इतकं मोठं असेल की कुंडी बदलणंच अवघड, तर वरची ३ ते ५ सेंमी माती काढून तिथे ताजं मिश्रण भरा.

निचऱ्यासाठी तळाशी खडी घालणं

हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याचा परिणाम उलटा होतो. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. माती पाण्याने पूर्ण भरेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. त्यामुळे मातीचा चिंब पट्टा वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. छिद्रातून माती वाहू नये म्हणून जाळीचा तुकडा ठेवा, बस्स. निचरा मिश्रणातूनच साधायला हवा: पानांच्या झाडांना दोन भाग भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), एक भाग गांडूळखत. निवडुंगासारख्या झाडांना कोकोपीट कमी आणि परलाइट किंवा जाड वाळू निम्म्यापर्यंत. वाळू बारीक असेल तर ती पोकळ्या बुजवते, त्यापेक्षा न घातलेली बरी.

खोड धरून ओढणं आणि मुळं तशीच ठेवणं

आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे गोळा फुटत नाही. प्लॅस्टिकची कुंडी बाजूंनी दाबून सैल करा. कडक कुंडी असेल तर आतल्या कडेने पातळ सुरी फिरवा. झाड तिरपं करून, मातीला तळहाताचा आधार देत बाहेर घ्या.

वेटोळी घातलेली मुळं तशीच नव्या कुंडीत ठेवली तर ती बऱ्याचदा गोलच वाढत राहतात आणि नव्या मातीत शिरतच नाहीत. बोटांनी ती मोकळी करा. फारच घट्ट असतील तर गोळ्याच्या बाजूंवर तीन-चार ठिकाणी साधारण १ सेंमी खोल उभे छेद द्या. निरोगी मूळ टणक असतं. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारं मूळ स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाका.

खोड मातीत गाडणं

जुन्या कुंडीत माती जिथवर होती, तिथवरच नव्या कुंडीतही असू द्या. झाड डुगडुगतं म्हणून खोडाभोवती माती चढवली की बुंधा ओला राहून कुजतो. त्यापेक्षा काडीचा आधार द्या. वर २ ते ३ सेंमी जागा पाण्यासाठी सोडा. माती अंगठ्याने दाबून घट्ट करू नका, कुंडी दोन-चार वेळा हलकेच आपटा.

कुंडी बदलल्यावर झाड माना टाकतंय?

पहिला आठवडा-दीड आठवडा थोडं मलूल दिसणं, खालचं एखादं पान पिवळं होणं स्वाभाविक आहे. झाड थेट उन्हातून काढून उजेडात ठेवा. खत घालू नका. फाटलेल्या मुळांना ते जाचतं आणि मिश्रणात गांडूळखत असतंच. खताला चार ते सहा आठवडे थांबा.

माती वरून ओली असूनही पानं सुकत असतील तर जुन्या गोळ्यात काडी खुपसून पाहा. तो कोरडा असतो असं बरेचदा आढळतं: दाट मुळांचा गोळा पाणी झटकन शोषत नाही आणि सगळं पाणी भोवतालच्या मोकळ्या मिश्रणातून निघून जातं. कुंडी पाण्याच्या टबात २०-३० मिनिटं ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. काडी ओली निघाली आणि मातीला आंबट वास येत असेल, तर मुळं कुजत आहेत. झाड लगेच बाहेर काढून कुजका भाग कापा, लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावा आणि वरची माती दोन सेंमीपर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्या. निवडुंग आणि रसाळ पानांच्या झाडांना मात्र मुळांच्या जखमा सुकेपर्यंत, म्हणजे पाच ते सात दिवस, पहिलं पाणीसुद्धा देऊ नका.