‘मस्त! पुढचा भाग कधी?’ याच्यापुढे काय लिहायचं?

विज्ञानकथेवरचं चांगलं फॅनफिक, म्हणजे चाहत्याने मूळ मालिकेतली पात्रं आणि जग घेऊन लिहिलेली कथा, वाचून संपलं की ‘मस्त! पुढचा भाग कधी?’ एवढंच सुचतं. तेच लिहा, बिनधास्त लिहा. रात्री जागून, एक पैसा न घेता लिहिणाऱ्याला तेवढ्यानेही हुरूप येतो. पण त्याने सुरुवातीच्या टीपेत ‘चुका सांगा’ म्हटलं असेल, तर मात्र थोडे कष्ट घ्यायला हवेत. आणि म्हटलं नसेल, तर चुका सांगायच्या नाहीत. याला माझ्याकडे अपवाद नाही.

पहिल्या वाचनात मी फक्त एकच करते: जिथे अडखळले, मागे जाऊन परिच्छेद पुन्हा वाचला, तिथे खूण. का अडखळले, ते दुसऱ्या वाचनात बघायचं.

विज्ञानाचं बोलायचं, तर आधी कोणाचे नियम चालू आहेत ते ओळखा. खऱ्या जगात पृथ्वीवरून मंगळावर रेडिओ संदेश पोचायला, ग्रह जवळ आहेत की लांब त्यानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. पण मूळ मालिकेतच प्रकाशापेक्षा वेगवान संदेश चालत असतील, तर हा आकडा फॅनफिकवाल्याच्या तोंडावर फेकून काय उपयोग? ते भांडण मूळ निर्मात्यांशी. लेखकाने स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडला, तर ते मात्र जरूर सांगावं. कसं? समजा, मी असं लिहीन:

‘दुसऱ्या प्रकरणात आईचं उत्तर यायला अठरा मिनिटं लागतात आणि मुलगी तेवढा वेळ हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहते, तो प्रसंग फार आवडला. म्हणूनच पाचव्या प्रकरणात दोघी एकमेकींचं वाक्य तोडून भांडायला लागल्या तेव्हा गोंधळले. मधे काही नवीन यंत्रणा आली का? माझ्या नजरेतून सुटलं असेल तर सांगा.’

यात जागा दाखवली, त्या उशिराने कथेला काय मिळालं होतं ते सांगितलं आणि पुढे प्रश्न ठेवला. ‘भांडणही अठरा मिनिटांच्या अंतराने होऊ दे, काय धमाल येईल!’ हे माझ्या जिभेवर असतं, पण मी गिळते. कथा त्याची आहे.

पात्रांच्या बाबतीत ‘ही कॅप्टन अशी बोलणारच नाही’ असं ठोकून देण्याआधी लेखकाने कथेला लावलेले टॅग बघा. एयू (अल्टरनेट युनिव्हर्स, म्हणजे मूळ कथेपेक्षा वेगळं, पर्यायी जग) लिहिलं असेल, तर तिचा भूतकाळच बदललेला असू शकतो. कथा मूळ मालिकेतल्या कुठल्या टप्प्यावर घडते, तेही बघा. पहिल्या सीझनमधल्या कॅप्टनकडून शेवटच्या सीझनचं शहाणपण मागू नये. तरीही खटकलं, तर कुठल्या वाक्याला खटकलं ते उद्धृत करा.

आणि ‘मेरी स्यू’, म्हणजे सगळंच जमणारी, अति-परिपूर्ण नायिका, हा शिक्का कृपया नको. स्टार ट्रेकच्या फॅनफिकची थट्टा करायला पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये एक इवलीशी कथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट. तिथून हे नाव आलं. थट्टा झकास होती, पण आज कुठल्याही हुशार मुलीला ते चिकटवतात. त्यापेक्षा ‘तिला कुठेच काही गमवावं लागत नाही, त्यामुळे स्फोटाच्या प्रसंगातही मला भीती वाटली नाही’ असं सांगा. याचं लेखकाला काहीतरी करता येतं.

शुद्धलेखन? बीटा रीडर, म्हणजे प्रसिद्ध करण्याआधी कथा वाचून तपासणारा, म्हणून बोलावलं असेल तरच, आणि वेगळ्या यादीत.

कथा अजून चालू असेल, तर पुढे काय व्हावं हे सुचवू नका, काय होईल असं वाटतंय ते मात्र जरूर लिहा. ‘मला त्या डॉक्टरचाच संशय येतोय, तो दरवेळी एअरलॉकपाशीच कसा सापडतो?’ अशा एका ओळीतून लेखकाला कळतं की पेरलेलं कुठे उगवलंय. डॉक्टर बिचारा निर्दोष निघाला, तरी ही ओळ वाया जात नाही; एअरलॉकपाशी त्याला कितीदा उभं करायचं, हे लेखक ठरवेल.