वॉर्निंग मेसेज लिहिताना या चुका टाळा

बरीच वर्षं सपोर्टचे फोन घेतले, आता टीमने लिहिलेले मेसेज तपासतो, आणि त्याच त्या चुका बघून खरंच कंटाळा आलाय. सॉफ्टवेअर अडकलं म्हणून लोक जेवढे घाबरत नाहीत तेवढे त्यावरचा मेसेज वाचून घाबरतात, आणि घाबरलेला माणूस नको ते बटण दाबतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काय बिघडलं ते ओरडून सांगायचं आणि काय शाबूत आहे ते सांगायचंच नाही. आम्ही बनवलेल्या एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्स फाईल बिघडली की लाल चौकटीत ‘गंभीर त्रुटी: डेटाबेस करप्ट’ असं यायचं. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची, ती परत बनवली की झालं, एंट्री सगळ्या जागच्या जागी असतात. पण हे कोड लिहिणाऱ्याला माहीत, समोर बसलेल्या बाईंना कसं कळणार? त्यांनी धसका घेतला आणि कुणाला न विचारता तीन दिवसांपूर्वीचा बॅकअप रिस्टोअर केला, मधलं सगळं काम गेलं. डेटाला काहीही झालं नव्हतं, तो आमच्या मेसेजने घालवला. फोनवर त्या सारखं विचारत होत्या, “माझ्याकडून काय चुकीचं दाबलं गेलं हो?” मला अजून तो आवाज आठवतो.

नंतर आम्ही तो मेसेज असा केला: ‘शोधयादी पुन्हा बनवावी लागेल. तुमच्या एंट्री सुरक्षित आहेत.’ खाली बटण एकच, ‘यादी बनवा’. अर्थात सुरक्षित म्हणायच्या आधी सॉफ्टवेअरने ते खरंच तपासलेलं हवं, आणि काम गेलंच असेल तर कुठपर्यंतचं गेलं ते सरळ सांगा, गोड बोलून लपवू नका.

दुसरा माझा राग ‘अवैध’ या शब्दावर. इन्व्हॅलिड दिसलं की भाषांतराच्या टूलमध्ये टाकायचं आणि ‘अवैध मोबाईल क्रमांक’ चिकटवून मोकळं व्हायचं! अहो, मराठीत अवैध म्हणजे बेकायदेशीर, माणसाचा फक्त एक आकडा राहिलाय. ‘मोबाईल नंबर १० आकडी हवा, इथे ९ आहेत’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? इंग्रजीतही हे होऊन गेलंय, विंडोज ९५ मध्ये प्रोग्राम कोसळला की ‘इल्लीगल ऑपरेशन’ झालं असं यायचं. प्रोसेसरला न जमणारी सूचना मिळाली किंवा प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला एवढाच त्याचा अर्थ, पण वाचणाऱ्याला वाटायचं आपण काहीतरी गुन्हा केला. २००१ च्या विंडोज एक्सपीत त्याजागी प्रोग्रामला अडचण आली, बंद करावा लागतोय, अशी साधी भाषा आली.

‘ऑर्डर रद्द करायची?’ याखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणं देऊ नका. ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘ऑर्डर राहू द्या’ लिहा.

उठसूट वॉर्निंग देणं तर फारच वाईट. थेरॅक-२५ नावाचं रेडिएशनचं मशीन होतं, १९८५ ते १९८७ मध्ये त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला, काहींचा जीव गेला. स्क्रीनवर यायचं नुसतं ‘मालफंक्शन ५४’, त्यातून ऑपरेटरला काही कळायचं नाही, आणि असे कोड रोजचेच असल्यामुळे ‘पी’ दाबून पुढे जायची सवय लागलेली. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि सुरक्षेच्या रचनेत होता हे खरंच, पण धोका सांगायची एक जागा होती तीही वाया गेली. म्हणून नव्या मुलांनी ‘सेफ्टीसाठी एक पॉपअप टाकून देतो’ म्हटलं की मी अडवतोच. परत फिरवता येणारी गोष्ट असेल तर विचारूच नका, अनडू द्या, जीमेलमध्ये पाठवलेला मेल ५ ते ३० सेकंदांत मागे घेता येतो तसा.

‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ हा मेसेज नसल्यातच जमा.

माझी सवय म्हणाल तर मेसेज मी फोनवरून कुणाला तरी वाचून दाखवतो, ज्याला कोडिंगचं ओ की ठो कळत नाही अशाला, आणि विचारतो आता काय करशील? तो गप्प झाला की परत लिहितो. घाई असलेल्यांना हे नको असतं, रिलीजच्या आदल्या रात्री मेसेज लिहायला बसतात. एरर कोड मात्र काढून टाकू नका, सपोर्टवाल्याला तो लागतोच, अगदी खाली बारीक अक्षरात ठेवा आणि शेजारी कॉपीचं बटण द्या.