फायबरच्या होडीला पुन्हा चकाकी: आधी घासणं, मग वॅक्स

होडी किनाऱ्यावर ओढली की तळ ओला असतानाच शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचवाले समुद्री जीव) काढा. वाळल्यावर ते सिमेंटसारखे घट्ट बसतात. प्लॅस्टिकचीच पट्टी वापरा, लोखंडी पात्याने जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, खरवडतो. नंतर गोड्या पाण्याने खारटपणा पूर्ण जाऊ द्या, कारण मागे राहिलेला मिठाचा किंवा वाळूचा कण पॉलिश मशीनच्या पॅडखाली सापडला की गोल ओरखडे उमटतात.

आता काळं फडकं बाजूवर घासा. पांढरी भुकटी लागली तर जेलकोट उन्हाने मेलाय. अशा पृष्ठभागावर थेट वॅक्स लावणं म्हणजे पैसे पाण्यात: दोन दिवस चमक, मग पुन्हा फिकट. आधी रबिंग कंपाउंड (वरचा मेलेला थर घासून काढणारी पेस्ट) हवंच. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या, मशीन 1200 ते 1500 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ठेवा आणि सतत फिरवत राहा. कडांवर जेलकोट पातळ असतो. तिथे हातानेच घासा. त्यानंतर पॉलिश.

वॅक्स सावलीत, पातळ थरात. धुरकट झालं की मऊ कापडाने पुसा. उन्हात तापलेल्या फायबरवर ते डागासारखं चिकटून बसतं.

डेकवरच्या खरखरीत भागाला वॅक्स कधीही लावू नका. ओल्या पायाने माणूस थेट पाण्यात जाईल. पाणरेषेखाली रंग द्यायचा असेल तर तिथेही नको, रंग धरणार नाही.