ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट नव्या टीव्हीवर

व्हीसीआरच्या, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या मशीनच्या, मागे पिवळी आणि पांढरी पिन, टीव्हीला नुसते एचडीएमआय पोर्ट. साधी वायर जोडून भागत नाही, कारण व्हीसीआरचा सिग्नल अ‍ॅनालॉग असतो आणि एचडीएमआयला डिजिटल लागतो. मध्ये ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टरची छोटी डबी लागते. दुकानात हुबेहूब तशीच, पण उलट दिशेची ‘एचडीएमआय टू एव्ही’ही मिळते, डबीवर इनपुट कुठलं ते वाचूनच घ्या. डबीला 5 व्होल्ट लागतात, ते टीव्हीच्या यूएसबीतून मिळाले.

कॅसेट लावण्याआधी तिची पुढची झडप उचलून फीत उजेडात नीट पाहिली. कडांवर पांढरी बुरशी असेल तर अजिबात लावू नका. ती व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि नंतरच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आमची फीत स्वच्छ होती. तरी आधी एकदा पूर्ण पुढे आणि परत मागे गुंडाळून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात.

चित्र आलं, पण सगळी माणसं रुंद. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 4:3, म्हणजे जुन्या टीव्हीचं रुंदी-उंचीचं प्रमाण, केलं. बाजूला काळे पट्टे राहतात, ते राहू द्यावेत. आजीचा चेहरा होता तसाच दिसायला हवा. खाली थरथरणारी रेघ व्हीसीआरवरच्या ट्रॅकिंगच्या बटणाने गेली.

शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनेही 2016 मध्ये ते बनवणं थांबवलं. नवं मशीन मिळणार नाही, म्हणून चालू आहे तोवर यूएसबी कॅप्चर (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं उपकरण) लावून सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय, आणि सुरुवात सर्वांत जुन्या कॅसेटपासून केली आहे.